धक्का चालेल, झोका नको

"पाय पुढं घेऊ नका," विजूची काकू ओट्यावरून म्हणाली. "घरातून पाय पुढं करून कुणाला नेतात, ठाऊक आहे ना?"

आम्ही चौघांनी दार उचललेलं होतं. माजघराचं दार बिजागऱ्यांतून काढलं होतं, त्यावर दोन गोधड्या अंथरल्या होत्या आणि त्यावर माझी बायको विजया उताणी निजली होती. कमरेला आणि मांड्यांना साडीचे पट्टे बांधले होते. चौघेही थांबलो. माझ्या हाताला रग लागली होती.

"काकू, मी अजून मेलेले नाही," विजू छताकडं बघत म्हणाली. "गाडीचं तोंड तिकडं आहे म्हणून पाय तिकडं. चला ओ."

मागच्या बाजूनं एक जण हसला. मी हसलो नाही. गाडीचं मागचं दार उघडून आम्ही ते दार आत सरकवलं. पाय पुढं, डोकं मागं. कारण साधं होतं. ब्रेक दाबावा लागलाच तर माणूस पुढं सरकतो, आणि पुढं डोकं असण्यापेक्षा पाय असलेले बरे. पण हे काकूला कोण समजावणार. ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

ओतूर हे विजूचं माहेर. आठ दिवस विसाव्याला म्हणून आली होती आणि पाठीनं जी धरली ती सोडेना. आदल्या दिवशी आळेफाट्याच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीचा फोटो उजेडाला धरला आणि मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की एक मणका पार पोखरून गेलाय, अंड्याच्या टरफलासारखा उरलाय. जोराचा धक्का बसला तर पायांतलं बळ जाईल आणि गेलेलं परत येईलच असं नाही. उद्या दुपारी दोनच्या आत हिला पुण्यात पोचवा, तिथल्या सर्जनशी मी बोललोय. दुसरी गोष्ट म्हणजे तो मणका कशानं पोखरला.

पहिली गोष्ट मी घरी येऊन सगळ्यांना सांगितली. दुसरी फक्त बबनला, म्हणजे विजूच्या थोरल्या भावाला. विजूला म्हटलं, मणका सरकलाय. आमची मुलगी केतकी नागपूरला जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती, शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. तिला फोनवर म्हटलं, आईची पाठ धरली आहे, तू निवांत पेपर दे.

अँब्युलन्सचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मिळेल. पण ती म्हणजे शेवटी मालाची व्हॅन. मागं कडक पाट्यांच्या स्प्रिंगा. रिकामी असली की नुसती उडते. दुसरी काही सोय होते का बघा."

सोय एकच होती. मी चाकणला शॉकअपच्या कंपनीत टेस्ट ड्रायव्हर होतो. एकोणीस वर्षं माझं काम हेच, की खड्ड्यांतून गाडी न्यायची आणि कशी वाटली ते सांगायचं. त्या वर्षी आमच्याकडं नवीन शॉकअपचं काम चाललं होतं. साध्या शॉकअपमध्ये तेल एका ठरलेल्या भोकातून जातं, म्हणून तो जन्मभर एकाच स्वभावाचा राहतो. ह्या नव्या शॉकअपमध्ये ते भोक विजेवर लहानमोठं व्हायचं. चाक उडालं की सेन्सर सांगायचा, सीटखालची पेटी ठरवायची, आणि पापणी लवायच्या आत शॉकअप मऊ नाहीतर कडक व्हायचा. असे चार शॉकअप बसवलेली एकच गाडी होती. तिला आम्ही सात नंबर म्हणायचो. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "टेस्ट रन म्हणून लिहितो. पण पिंगळे मॅडम बरोबर असतील. पेटी अजून त्यांच्या लॅपटॉपशिवाय शहाण्यासारखी वागत नाही."

धनश्री पिंगळे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या. पेटीच्या आतला सगळा विचार त्यांनी लिहिलेला. सकाळी त्या स्वतः सात नंबर चालवत ओतूरला आल्या, क्लच जाळत. डावीकडची पुढची सीट त्यांनी कंपनीतच काढून ठेवली होती. आता त्या माझ्या मागं बसल्या, मांडीवर लॅपटॉप, आणि विजूचं डोकं त्यांच्या गुडघ्याजवळ.

"काका, मी पहिल्या पायरीवर ठेवलंय," त्या म्हणाल्या. "पाचांतली सगळ्यांत मऊ. ह्याच पायरीला ट्रॅकवर तुम्ही साडेआठ दिले होते."

मी आतला आरसा खाली वळवला. विजूचा चेहरा दिसेल असा. मागची वाहनं बघायला बाहेरचे दोन आरसे पुरतात. तिचे पाय माझ्या डाव्या हाताशी, गिअरच्या पलीकडं, जोडव्यांसकट. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर थोड्या वेळानं बोटं हलवायला लावा. हलतायत तोवर ठीक आहे.

"बोटं," मी म्हटलं.

दोन्ही पायांची बोटं हलली.

बबन मोटरसायकलवर पुढं झाला. ठरलं असं, की खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला की त्यानं डावा हात वर करायचा. "दाजी, हात दिसला की तुम्ही फक्त हळू व्हा," तो म्हणाला. "बाकी रस्त्याला मी शिव्या घालतो."

गावाबाहेर पहिला स्पीडब्रेकर आला. मी इतक्या हळू घेतला की मागून येणारा सायकलवाला पुढं गेला. गाडी वर चढली, खाली उतरली, आवाज नाही, आदळणं नाही. नंतर होडीसारखी दोनदा डुलली आणि थांबली.

"सुंदर," मॅडम लॅपटॉप बघून म्हणाल्या. "काका, किती?"

हा आमचा रिवाज. खड्डा गेला की लॅपटॉप न बघता ड्रायव्हरनं मार्क सांगायचे, दहापैकी. आधी माणूस, मग आलेख. मला ह्याची इतकी सवय लागली होती की घरीही जीभ तशीच चालायची. आमटी सात. भाकरी आठ. नवीन चादर पाच. विजू आधी चिडायची, मग तिनं कान देणं सोडून दिलं.

"आठ," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही विचारत. काकू, तुम्ही सांगा. दहापैकी किती?"

आरशात विजूचे ओठ एकमेकांवर दाबलेले होते. तिनं ते सोडवले.

"खरं सांगू का ह्यांना बरं वाटेल असं सांगू?"

"खरं."

"तीन."

मॅडमनी मान वर केली. "तीन?"

"एकोणीस वर्षं हे मला मार्क देतायत," विजू म्हणाली. "आज माझी पाळी. तीन."

मला वाटलं, ती जुनं उट्टं काढतेय. मॅडमनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या हसल्या. आळेफाट्यापर्यंत अकरा खड्डे आणि पाच स्पीडब्रेकर झाले. मी प्रत्येक वेळी आणखी हळू होत गेलो. विजूनं तीन दिले, तीन दिले, मग दोन दिले. लॅपटॉप साडेआठच्या खाली येईना.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती. खड्डा यायच्या आधी तिची बोटं आत वळायची. खड्ड्यात चाक गेल्यावर नव्हे, आधी. जोडवी आत ओढली जायची आणि मग चाक खाली जायचं. ती उताणी होती. तिला काचेतून आभाळाशिवाय काही दिसत नव्हतं, बबनचा हातही नाही. पण हा विचार आला आणि गेला. पुढं रस्ता होता.

नारायणगावच्या अलीकडं मी म्हटलं, "बोटं."

उजवी हलली. डावी हलली नाहीत.

"विजू, बोटं."

"हलवतेय की."

मी खाली बघितलं. डाव्या पायाचा अंगठा कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखा जरासा उठला आणि परत पडला. मी गाडी बाजूला घेतली, चिंचेच्या झाडाखाली.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"डावा पाय."

बबन मागं वळून आला. त्यानं विजूच्या पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मोटरसायकल स्टँडला लावायची सोडून तशीच धरून उभा राहिला. पुण्याला अजून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होते. साडेदहा वाजले होते.

"ह्याहून मऊ होत नाही का?" मी मॅडमना विचारलं.

"ही सगळ्यांत मऊ आहे काका. ह्याच्या खाली काही नाही."

"मग आणखी हळू जातो."

"आणखी हळू म्हणजे आपण उभंच राहायचं," विजू म्हणाली. "माझं कुणी ऐकणार आहे का? मघापासून मार्क देतेय मी."

मी आरशात तिच्याकडं बघितलं.

"धक्क्यानं दुखत नाही," ती म्हणाली. "धक्का बसतो आणि जातो. त्याच्यानंतर तुमची ही गाडी जी झुलत राहते ना, त्यानं जीव जातो. पाय वर, डोकं खाली, मग डोकं वर, पाय खाली. मी ह्या दारावर पुढंमागं घासले जाते. एक थांबतं न थांबतं तोवर दुसरं. धक्का चालेल, झोका नको."

मॅडमनी मागच्या सीटखाली हात घातला आणि काळी गोल चकती बाहेर काढली. आमचा मोजायचा सेन्सर. ट्रॅकवर ह्या चकतीवर आम्ही पंचाहत्तर किलोची वाळूची पोती बसवायचो. नेहमी सीटवर, नेहमी बसलेली. ड्रायव्हर बसलेला, पोतं बसलेलं, साहेब आले तर तेही बसलेले. एकोणीस वर्षांत आम्ही एकदाही कुणाला आडवं करून मोजलं नव्हतं.

"मी बसलेल्या माणसाचं बघतेय," मॅडम स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "काकू, जरा." त्यांनी ती चकती विजूच्या खांद्याखाली, गोधडी आणि दाराच्या मध्ये सरकवली. "काका, दहा फूट पुढं जा. मग तो दगड घ्या."

मी घेतला.

"किती?" मी विचारलं.

"काकू बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "तीनसुद्धा जास्तच दिलेत."

त्यांनी चौथी पायरी लावायचं ठरवलं. मी नको म्हटलं. चौथी म्हणजे जवळजवळ कडक. डॉक्टरांनी धक्का नको असं बजावलं होतं आणि मी आपल्या हातानं धक्का वाढवणार होतो. चुकलं तर ह्या झाडाखालीच चुकणार होतं. मॅडम मला समजावू लागल्या, की आपण हळू गेलो तर धक्का लहानच राहील, फक्त नंतरचं डुलणं मरेल. त्यांनी हे आधी कुणावर करून बघितलं नव्हतं.

"पाठ कुणाची आहे?" विजूनं विचारलं.

"तुझी."

"मग मी सांगते. करा."

पुढचा स्पीडब्रेकर नारायणगावात शिरताना होता. बबनचा हात वर गेला. ठक्, ठक्. पुढची चाकं, मागची चाकं. आणि गाडी जागच्या जागी थांबल्यासारखी सरळ.

"सहा," विजू म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "साडेसहा."

मंचरच्या अलीकडं तिनं सात दिले. डाव्या पायाची बोटं पूर्वीसारखी नाही, पण हलत होती. मॅडमनी चकती तिच्या खांद्याखालून काढली नाही. बबन पुढं एका हातानं मोटरसायकल चालवत, दुसरा हात अर्धा वर धरूनच चालला होता.

"अहो," विजू म्हणाली.

"काय?"

"मला काय झालंय?"

"सांगितलं ना. मणका सरकलाय."

"ह्याला दोन."

मी समोर बघत राहिलो. उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या पुढं.

"दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीतली गाठ काढली," ती म्हणाली. "तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेली. तुम्हीही म्हणालात, गेली. आता पाठीत काय सरकलं आणि त्याच्यासाठी कंपनीनं लाखोंची गाडी दिली, हे मला पटवताय तुम्ही. दादा सकाळपासून माझ्याकडं नीट बघत नाही. सांगा."

"पुण्याला पोचू. तिथले डॉक्टर सांगतील."

"झोका नको म्हटलं ना मी."

आरशात मी मॅडमकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"मॅडम," विजू म्हणाली, "तुम्ही जरा कानात काहीतरी घाला."

पिशवीतून त्यांनी इअरफोन काढले आणि कानांत घातले. वायरीचं दुसरं टोक सीटवरच लोंबत होतं, कशालाच लावलेलं नव्हतं. त्या परत खिडकीबाहेर बघू लागल्या.

मी सांगितलं. काही सजवलं नाही, कमी केलं नाही. म्हटलं, तीच गाठ आहे, ती मणक्यात उतरलीय. उद्या सकाळी ऑपरेशन, मणक्याला आधार द्यायला. ते जोखमीचं आहे. नीट झालं तर तू चालशील. पण गाठ जाईल असं आळेफाट्याच्या डॉक्टरांनी म्हटलं नाही. किती दिवस, तेही म्हटलं नाही.

बबनचा हात वर गेला. मी स्पीडब्रेकर घेतला. ठक्, ठक्.

विजूनं मार्क दिले नाहीत. ट्रॉल्या मागं पडल्या. मी तिच्या पायांकडं बघत होतो, आरशात बघायची हिंमत होत नव्हती.

"केतकीला काय सांगितलंत?"

"पाठ धरली आहे म्हणून."

"तिला बोलवा."

"तिचा सोमवारी पेपर आहे विजू. वर्ष जाईल."

"वर्ष तिला परत मिळेल," ती म्हणाली. "आत्ता फोन लावा. मॅडम, लावून द्या. इअरफोन काढा ते, कशाला लावलेत, सगळं ऐकलंत तुम्ही."

मॅडमनी इअरफोन काढले. त्यांचे डोळे लाल होते. नंबर मी सांगितला, त्यांनी लावला आणि फोन विजूच्या कानाशी धरला. "केतू," ती म्हणाली, "पहिल्या गाडीनं निघ. पाठ नाही, ते परत आलंय. रडायचं ते बसमध्ये रड, इथं आल्यावर मला वेळ नाही." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. विजू बराच वेळ ऐकत होती, मग म्हणाली, "स्वेटर घे."

खेडच्या घाटात आम्ही साडेबाराला लागलो. उतार, वळणं, पुढं भाजीचा टेम्पो, मागं एक ट्रक अगदी चिकटून हॉर्न देत. दुसऱ्या वळणावर टेम्पो अचानक डावीकडं दबला आणि त्याच्याआड लपलेलं मला एकदम दिसलं. पाइपासाठी खणलेला आडवा चर, नुसत्या मातीनं बुजवलेला, माती बसून वीतभर खोल झालेला. बबन त्यात उडाला होता. त्याचा हात वर जायलाच उशीर झाला होता. तो कसाबसा सावरत पलीकडं पोचत होता.

मधे वीस-पंचवीस फूट असतील. जोरानं ब्रेक मारला असता तर गाडी चराच्या आधी थांबली असती. पण गाडीनं नाक खाली घातलं असतं, मागचं उचललं असतं, विजू पट्ट्यांतून पुढं ओढली गेली असती. मागं ट्रक. आणि ब्रेक नाही मारला तर चर.

"घ्या," मागून विजूचा आवाज आला. "ब्रेक नका मारू. घ्या."

तिला कसं कळलं, हे विचारायला वेळ नव्हता.

"पाच करा," मी ओरडलो. मागं बटण वाजलं. मी ब्रेक हलका दाबून वेग मारत आणला आणि चराच्या काठावर सोडून दिला. सोडला की गाडीचं तोंड वर येतं, चाकाला वर यायला जागा मिळते. हे मी एकोणीस वर्षं ट्रॅकवर करत आलो होतो. पुढची चाकं गेली. धाड्. मागची गेली. धाड्. कडक, कोरडं, दातापर्यंत. आणि संपलं. गाडी सरळ चालत होती.

"बोटं," मी म्हटलं.

उजवी हलली.

डावी नाही.

"विजू."

मी आरशात बघितलं. तिचे डोळे मिटलेले, गालावरून पाणी कानाकडं चाललं होतं. मॅडमचा हात तिच्या कपाळावर होता. मी गाडी थांबवू शकत नव्हतो, उतारावर, मागं ट्रक. एक वळण गेलं. दुसरं गेलं. मी मनात आकडे मोजत होतो, कशाचे ते माहीत नाही. सतरावर पोचलो.

डाव्या पायाचं जोडवं हललं. मग अंगठा. मग सगळी बोटं, एकेक करून, उगाच, मुद्दाम.

"नऊ," विजू डोळे न उघडता म्हणाली. "एक कापला. तुम्ही ओरडलात."

पावणेदोनला आम्ही पोचलो. ऑपरेशनच्या कागदावर तिनं संध्याकाळी सही केली नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर नको. ती म्हणाली, "करते. आधी पोरगी येऊ द्या." केतकी सकाळी सहाला आली. सात वाजता सही झाली.

ती चालली. आधी काठीनं, मग भिंत धरून, मग तशीच. सात महिने. केतकीचं वर्ष गेलं आणि परत मिळालं. शेवटच्या पंधरवड्यापर्यंत विजू अंगणातल्या दोरीवरचे कपडे स्वतः काढायची आणि माझ्या शर्टांना मार्क द्यायची.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. विजू गेल्यावर चौथ्या महिन्यात पिंगळे मॅडमनी चाचणीच्या कागदात एक नवीन ओळ घातली. आडवा प्रवासी. अँब्युलन्ससाठी तेच शॉकअप बसवायचं ठरत होतं. साहेबांनी विचारलं, आडवं कोण होणार, वाळूचं पोतं मार्क देणार आहे का? मॅडम माझ्याकडं बघत नव्हत्या. मी म्हटलं, मी होतो आडवा.

सात नंबरच होती. डावी सीट काढलेली. मी पाय पुढं करून, डोकं मागं ठेवून निजलो. मला पट्टे बांधले. मॅडम माझ्या डोक्याशी बसल्या. स्टिअरिंगवर भोर नावाचा नवीन ड्रायव्हर, चांगला पोरगा, काळजीनं चालवणारा. माझं वय आणि माझी गोष्ट त्याला कुणीतरी सांगितली असणार. बसल्या बसल्या त्यानं आतला आरसा खाली वळवला, माझा चेहरा दिसेल असा.

गाडी निघाली. तिथून रस्ता दिसत नाही. वर छत, कडेला आभाळाची पट्टी. आणि समोर, आरशात, भोरचे डोळे. दुसरं काहीच बघायला नाही.

शंभर-दीडशे फुटांवर त्या डोळ्यांना काहीतरी झालं. कडा आक्रसल्या, भुवई जराशी खाली आली. माझ्या पायाची बोटं आपोआप आत वळली. आणि मग चाक खड्ड्यात गेलं.

पुढच्या खड्ड्यालाही तसंच. त्याच्या पुढच्यालाही. आधी त्याचे डोळे, मग माझी बोटं, मग खड्डा. मधे जेव्हा रस्ता सरळ होता तेव्हा तो माझ्याकडं बघायचा आणि पटकन बघत नसल्यासारखं करायचा. त्याच्या चेहऱ्यावर मला माझी सगळी गोष्ट लिहिलेली दिसत होती.

ओतूरपासून मंचरपर्यंत मी समजत होतो, की आरशात मी तिला बघतोय.

"काका," मॅडम म्हणाल्या. "किती?"

मी पायाची बोटं हलवली.